सगुणीचा मळवट

शिऊर, ता. वैजापूर
३ डिसेंबर २०२३

चिरंजीव रामप्रसादास बानाअक्काचा आशीर्वाद.

कानानं मी आता पार गेले. माझा पोरगा मल्हारी फोन कानाला लावतो अन् मला नुसता भुंगा ऐकू येतो. म्हणून लिहायला बसले. म्हातारपणी रात्रीच्या शाळंत पाटी धरली तेव्हा तुम्ही सगळे हसला होता. आता ती अक्षरं कामाला आली बघ. काना-मात्रेला हसायचं तर हास, पण पत्र नीट वाच.

बाजारात वेरूळकडची एक बाई भेटली. कानात ओरडून म्हणाली, तुमच्या माहेरच्या माळावर शहरातल्या गाड्या येत्यात, माणसं मापं घेत्यात. व्हय का रे? इकायचं चाललंय का? इकणार असशील तर मी आडवी येत नाय. हक्कसोड करून दिली तेव्हाच माझा सातबाऱ्यावरचा हात सुटला. पण त्या दिवशी तहसिलीत बाकड्यावर बसून मी तुझ्याकडं एवढंच मागितलं होतं, की उतारावरचा करवंदीखालचा तेवढा तुकडा कुणाला देऊ नको. तू मान हलवली होतीस.

तुझ्या पोराला, ऋतुराजला ह्यातलं काय ठाव नसंल, त्याला वाचून दाखव. आपलं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असायचं. मेंढरांमागं चालताना एखादं लेकरू गेलं तर जिथं तळ पडला असंल तिथंच मातीआड करायचं अन् दुसऱ्या दिवशी पुढं निघायचं. खूण म्हणून दगड ठेवावा तर कुणी चुलीला उचलून नेतो. म्हणून आपल्या घरात त्या मातीत मळवट नावाच्या रानफुलाचा गड्डा लावायचे. पुढल्या भादव्यात त्याच वाटंनं परत आलं की गवतात लाल ठिपका दिसायचा, बाईच्या कपाळी मळवट भरावा तसा. आई तिथं टेकायची, चार शब्द बोलायची, अन् उठून मेंढरांमागं जायची.

माझी सगुणी रांगत होती तेव्हा तिला गोवर निघाला. तिचा बाप कळप घेऊन पुढं गेलेला. खड्डा तू खांदलास. एवढासा होतास, खुरपं तुझ्या मुठीत मावत नव्हतं. गड्डाही तूच शोधून आणलास. पुढं आपल्या बापानं, दादानं मेंढरं मोडली अन् जमीन घ्यायची ठरली, तेव्हा सगळे म्हणाले, काळ्या रानात घे. त्यानं तो मुरमाड माळ घेतला. कशापायी घेतला ते तुला सांगायला नको.

मळवट आता दुसरीकडं कुठं दिसत नाय. रानातला कुठं गेला कुणास ठाव, आपल्याच उतारावर तेवढा उरला. खुबा मोडल्यापासून मीही तिकडं आले नाय. माळाचं काय करायचं ते कर. पण आधी सगुणीचा गड्डा काढून मला दे. मी तिला दारात लावीन.

माझ्या भावजयीला, दीपमालाला आशीर्वाद सांग.

तुझी अक्का

---

वाळूज
१७ डिसेंबर २०२३

ती. अक्कास रामप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दीपमालानं दोनदा वाचलं. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. कंपनीत नुसत्या सह्या ठोकून माझा हात बिघडला.

बाजारातल्या बायकांचं बोलणं फार मनावर घेऊ नकोस. सध्या फक्त बोलणी चालू आहेत. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी एका पार्टीला रिसॉर्ट काढायचं आहे. आपल्या ऋतुराजला तिथेच मॅनेजर करतो म्हणतात. माझं सगळं आयुष्य शिफ्टच्या बसमध्ये झोपा काढण्यात गेलं. पोराचं तसं होऊ नये असं वाटतं, त्यात माझं काय चुकलं?

तुझं काम मी करतो. गड्डा काढून पाठवतो, तू निर्धास्त राहा. फक्त तू स्वतः इकडे येण्याचा हट्ट धरू नकोस. माळाचा रस्ता सगळा उखणलेला आहे. त्यात कुठे घसरलीस तर मल्हारी मला बोल लावेल.

तुझा
रामप्रसाद

---

शिऊर
२६ डिसेंबर २०२३

चि. रामप्रसादास आशीर्वाद.

तुझं पत्र उशाखाली ठेवून झोपले. निर्धास्त राहा म्हणालास, राहिले.

आता गड्डा कसा काढायचा ते ऐक. तू शहरात राहून विसरला असशील. पाला वाळून गेला असंल, पण सुतळीसारखी एक काडी राहते. ती ओढू नको, तुटंल. बाजूनं खुरप्यानं माती मोकळी कर अन् हात घालून खालनं उचल. दरसाली जुन्या गड्ड्याच्या डोक्यावर नवा बसतो. नव्याला पोसून जुना खाली सुकून जातो, चपटी लाकडी टिकली उरते. दोन्ही संगट काढ. वरचा नुसता मोडून घेऊ नको. मी त्या दोघींकडं बघत बसायची. लेक वर, आई खाली. आमचं उलटं झालं.

ओळखायला सोपं आहे. सगळ्यात वरच्या करवंदीपासनं खाली ये. एक सपाट काळा दगड लागंल, त्याच्या पोटाशी. तुझ्याच हातचं काम आहे, तुझ्या हाताला आठवंल.

मातीसकट लोकरीच्या चिंध्यात गुंडाळ. माळाशेजारचा कडुबा इकडं पाहुण्यांकडं येणार आहे, त्याच्या हाती दिलंस तरी चालंल.

अक्का

---

वाळूज
२१ जानेवारी २०२४

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

एसटीच्या ड्रायव्हरकडे खोकं दिलं आहे, मल्हारीला स्टँडवर पाठव. कडुबाला त्रास दिला नाही. त्याला चार गावांत बोलत सुटायची सवय आहे.

मी सकाळी लवकर गेलो होतो. वरच्या करवंदीपासून खाली आलो, तुझा काळा दगड सापडला. हाताला खरंच आठवलं अक्का. डोळ्यांत पाणी आलं. सगुणीचा जो आहे त्याला लाल दोरा बांधला आहे. शेजारचेही थोडे काढले, एकटी नको म्हणून. जुने गड्डे काढताना गळून पडले, आणि माती फार होती म्हणून मी धुऊन घेतले. त्याबद्दल रागावू नकोस.

दारात लाव. आता माळाचा विचार मनातून काढून टाक.

तुझा
रामप्रसाद

---

शिऊर
१२ जून २०२४

चि. रामप्रसादास अनेक आशीर्वाद.

उत्तराला लई उशीर झाला. मृगाची वाट बघत होते. लेक नांदायला लागल्याशिवाय कशाला कळवायचं, असं मनात होतं.

खोकं उघडलं अन् मला हसूच आलं. आपला मळवटाचा गड्डा सुपारीएवढा, केसाळ. हे तर पेढ्यासारखे गोल, गुबगुबीत, वरचा पापुद्रा तांबूस, चकचकीत! मी सुनेला, सायलीला म्हणलं, बघ गं, मामाकडं राहून पोरगी कशी बाळसं धरून आली. तू धुतलेस म्हणून तसे दिसत असतील. तिकडं वरून कुणाच्या शेतातलं खताचं पाणीही वाहत येत असंल. मी रागावले नाय.

एवढे महिने कणगीच्या मागं टोपलीत ठेवले. रोज एकदा हात लावून यायची. सायली पाटीवर लिहायची, "आत्या, अंडी उबवताय का?" मोठी खट्याळ आहे.

मृग लागला अन् गल्लीतल्या बायका बोलावल्या. हळदकुंकू केलं. दाराच्या उजव्या अंगाला खड्डा मल्हारीनं घेतला, पण गड्डा मी माझ्या हातानं ठेवला. सगुणीला मातीत ठेवलं तेव्हा मला बघू दिलं नव्हतं. बायका धरून बसल्या होत्या. ह्या वेळी बघितलं. मी तिला नावानं हाक मारली. मग सगळ्यांनी मारली. शेजारची आवडाबाई तर पदर तोंडाला लावून रडली.

रामप्रसाद, तू मला लेक आणून दिलीस. आता डोंगर चढायला नको. उंबऱ्यावर बसलं की झालं. देव तुझ्या पोराचं कल्याण करो.

अक्का

---

वाळूज
३० जून २०२४

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून बरं वाटलं. तू आनंदात आहेस हे ऐकलं की मला आणखी काही नको.

गुलमंडीवरून तुझ्यासाठी एक लुगडं घेतलं आहे, हिरवं, तुला आवडतं तसल्या काठाचं. सोबत पाठवतो. मल्हारीला शर्टाचं कापड आहे. सायलीसाठीही साडी घेतली आहे.

झाडाला फार जपत बसू नकोस. रानातली वस्तू आहे. आली तर आली. एखाद्या वेळी जागा बदलली की फूल धरतही नाही. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

ऋतुराज कामावर लागला. साहेबासारखा दिसतो.

तुझा
रामप्रसाद

---

शिऊर
२ सप्टेंबर २०२४

चि. रामप्रसादास आशीर्वाद.

लुगडं मिळालं. नेसले नाय अजून.

फूल आलं. तुला लगेच लिहायला पाहिजे होतं. पण दोन-तीनदा कागद घेतला अन् ठेवून दिला.

आपला मळवट तुला आठवतो ना? वीतभर देठ. एका देठाला एकच फूल, तेही खाली मान घातलेलं. गवत बाजूला केल्याशिवाय दिसत नाय. सकाळी लाल, अन् दुपार कलली की काळपट पडतं. हे माझ्या कमरेएवढं वर आलं. तलवारीसारखी पानं. एकाच अंगाला खालपासून वरपर्यंत फुलंच फुलं, लालभडक, बरेच दिवस झाले तरी टवटवीत. वाटंनं जाणारा थांबून बघतो.

मी म्हणलं, पालट झाला असंल. सायली फुलाकडं बघून आत निघून जायची. तिचा भाऊ लग्नाचे मांडव सजवतो. शेवटी मीच विचारलं. तिनं पाटीवर लिहून दाखवलं, "आत्या, हे ग्लॅडिओ आहे. नवरा-नवरीच्या खुर्चीमागं लावत्यात."

बाबा, मी तुझ्यावर आळ घेत नाय. तुझं वय झालं, नजर अधू झाली. कुणी माळावर दुसरं काय लावलं असंल अन् तुझ्या हाती ते लागलं असंल. तसं असंल तर माझी पोर अजून तिथंच आहे. ह्या दिवाळीनंतर परत बघता येईल. खरं काय ते लिही. तुझी चूक असंल तरी मी एका शब्दानं बोलणार नाय.

अक्का

---

वाळूज
१४ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या सुनेनं शहाणपणा करून तुझ्या डोक्यात भलतंच भरवलं आहे. मी इथे शेतीखात्यातल्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, रानातलं झाड दारात आणून खत-पाणी दिलं की ते असंच उंच होतं, फुलंही जास्त येतात. यात नवल काही नाही. गावातलं पोर शहरात आलं की बदलत नाही का?

मी माझ्या हाताने काळ्या दगडाजवळून गड्डा काढला. आणखी काय सांगू? आईची शपथ घ्यायला लावतेस का आता?

तिथे आता काही बघायचं राहिलेलं नाही. पाऊस फार आहे, प्रवास करू नकोस.

रामप्रसाद

---

शिऊर
६ ऑक्टोबर २०२४

रामप्रसाद,

मी माळावर जाऊन आले. मल्हारीच्या मोटरसायकलवर पाठीला उशी बांधून गेले.

मोठी कमान आहे. आत एक पोरगी टेबलामागं बसलेली, छातीवर तनुजा नावाची पट्टी. गोड पोरगी. मला ऐकू येत नाय म्हणल्यावर तिनं कागदावर लिहिलं, "आजी, कोणाला भेटायचं आहे?" मी खाली लिहिलं, "माझी लेक इथं आहे." तिनं नाव विचारलं. मी सगुणा लिहिलं. तिनं कॉम्प्युटरात बघितलं, लई वेळ बघितलं, अन् लिहिलं, "या नावाचे कोणी गेस्ट नाहीत."

मल्हारीनं तिला काय सांगितलं मला ठाव नाय. तिनं मला पाणी दिलं अन् हाताला धरून आत नेलं.

उतारच नाय रे. करवंदी नाय, दगड नाय. डोंगर आडवा कापून परातीसारखा केलाय. हिरवळ आहे, पोहायचा हौद आहे, त्याच्या कडंला खुर्च्या. अन् वाटंच्या दोन्ही अंगाला माझ्या दारातलं फूल. तसंच उंच, तसंच लालभडक. ओळीनं उभं.

बद्रीनाथ म्हणून माळी आहे. त्यानं मल्हारीला आपणहून सांगितलं, मल्हारीनं माझ्या कानात ओरडून सांगितलं. हिवाळ्यात गड्ड्यांची पोती आली होती. ऋतुराजसाहेबाचे वडील त्यातले थोडे घेऊन गेले. म्हणाले, बहिणीला फुलांची हौस आहे.

येताना कडुबाकडं टेकलो. तो मल्हारीला म्हणाला, गेल्या दिवाळीच्या आधीच जेसीबी लागला होता. माती ट्रकांनी गेली, कुठल्या रस्त्याच्या भरावाला. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं, तेव्हाच माझी पोर कुठल्या तरी सडकंखाली होती. अन् तू मला लिहिलंस, निर्धास्त राहा.

इकलंस म्हणून मी बोलत नाय. सगुणी गेली तेव्हाही मी उठून मेंढरांमागं गेले होते. "अक्का, राहिलं नाय काय," एवढं लिहिलं असतंस तर ह्या वेळीही उठले असते. तू त्याला लाल दोरा बांधलास. दोरा बांधताना तुझ्या हाताला काय आठवलं?

बानाबाई

---

वाळूज
१६ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,

जेसीबी आला त्या दिवशी मी माळावर होतो. त्याच्या ड्रायव्हरला थांबवलं होतं. तो हसला, पण थांबला. मी मातीत हात घालून शोधलं. करवंदी आधीच उपटून पडल्या होत्या. कुठला दगड कुठला, काही कळत नव्हतं. रिसॉर्टचे साहेब घड्याळ बघत होते. ऋतुराजची नोकरी त्यांच्या हातात होती. मी बाजूला झालो.

मग तुझं पत्र आलं. तू म्हणतेस, राहिलं नाही असं लिहायचं. तू ते पत्र समोर घेऊन एकदा बस, मग कळेल. माझा हात धजला नाही. मला वाटलं, अक्का म्हातारी झाली, तिला लाल फूल दिसलं की झालं. आणि झालं नव्हतं का? तुझं जूनचं पत्र अजून माझ्याजवळ आहे. इतके दिवस तू उंबऱ्यावर बसून तिच्याशी बोललीस. तो आनंद तर खोटा नव्हता ना? सायली गप्प बसली असती तर अजून बोलत असतीस.

आता एक मागतो. ऋतुराजचं लग्न जमत आलं आहे. मुलीकडचे आपल्याच समाजातले, जुन्या वळणाचे. भाचीची माती विकली, वर बहिणीला फसवलं, असं त्यांच्या कानावर गेलं तर मोडेल. कडुबाला मी गप्प केलं आहे. तू तुझ्या गावात कुठे बोलू नकोस. माझ्यासाठी नको, पोरासाठी. दादाच्या नावासाठी.

भाऊबीजेला गाडी घेऊन येतो. दार बंद करू नकोस.

रामप्रसाद

---

शिऊर
१२ नोव्हेंबर २०२४

रामप्रसाद,

भाऊबीजेला तू आलास तेव्हा मी घरात होते. कडी आतनं होती. गाडी वाजली असंल, मला ऐकू आलं नाय. सायलीनं खुणंनं सांगितलं तरी उठले नाय.

आता तू मागितलंस त्याचं सांगते.

कार्तिकात पाला वाळला, तेव्हा दारातले गड्डे उकरले. प्रत्येकाच्या बुडाशी बारकी पिल्लं धरलेली, शेंगदाण्याएवढी, ओंजळीत मावंनात. आपल्या मळवटाला कधी एवढी झाली नाय. सायलीनं खुणावलं, उकिरड्यावर टाकते. मी टोपली उचलू दिली नाय. ती खोटी आहेत हे मला कळतं, पण मी त्यांना नावानं हाक मारली होती. उपटून टाकायला हात उचलत नाय अन् परत लावायलाही वाकवत नाय. तशीच दारात ठेवली होती.

तेवढ्यात आवडाबाई आली. दसऱ्याच्या सुमाराला तिच्या लेकीचं तान्हं गेलं. बाळंतपणाला आलेली, इथंच घडलं. शेताच्या बांधाला मातीआड केलं. मृगात ती माझ्या दारात होती, तिनं सगळं बघितलेलं. तिनं पदर पसरला. तोंडानं काय म्हणाली ते ऐकू आलं नाय, पण बोट टोपलीकडं होतं.

मी सांगणारच होते. बाई, हे मांडवाचं फूल आहे, ह्यात माझी लेक नाय, कधीच नव्हती, असं ओठांवर आलं होतं. पण मग ती विचारणार, तुला कुणी दिलं? अन् मी काय सांगू? माझ्या पाठच्या भावानं? तिची बहीण तुझ्याच शेजारच्या गावात दिलेली आहे. आठ दिवसांत तुझ्या व्याह्यांच्या चुलीपर्यंत गेलं असतं.

मी टोपलीतला एक गड्डा काढला. आवडाबाईनं खुणंनं लाल दोरा मागितला तर दोरा दिला. कसा ठेवायचा, किती खोल, कुठलं तोंड वर, सगळं दाखवलं. तिनं दोन्ही हात जोडले, मग पाटीकडं बोट केलं. मी पाटी दिली. तिला लिहिता येत नाय, तिनं नुसतं एक फूल काढलं अन् माझ्याकडं बघितलं. येईल ना, असं विचारत होती. मी मान हलवली.

ती माझ्या पाया पडली.

तुझं काम झालं. लग्न कर पोराचं. मला पत्रिका पाठवू नको, हळदीचं लुगडं पाठवू नको. हिरवं लुगडं मल्हारीच्या हाती परत धाडलं आहे.

बांधावर जायची वाट माझ्या दारावरूनच आहे. आवडाबाई रोज सांजच्याला तांब्या घेऊन जाते. जाताना माझ्याकडं बघून हसते. मलाही हसावं लागतं.

बानाबाई